छातीतली धडधड आणि आमच्या गटाची वही

दुपारची कामं आटोपून, कुणी पापड लाटता लाटता, कुणी शेतातून परत येऊन रेडिओजवळ बसला असाल. आम्ही नागपूरच्या मनीषनगर भागातल्या बचत गटांच्या बाया बोलतोय. आमचे काही गट मनीषनगरातले, काही बेसा, बेलतरोडी, घोगली, पिपळा या बाजूचे. काही जणी फ्लॅटमध्ये स्वयंपाकाला जातात, काही जणींची अजून थोडी शेती आहे, उन्हाळ्यात सगळ्या मिळून वाळवणाचं काम करतो. आज बचतीबद्दल, कर्जाबद्दल बोलणार नाही. आज छातीतल्या धडधडीबद्दल बोलायचं आहे.

विषय का निवडला, ते आधी सांगतो, कारण त्यात आमची एक चूक आहे.

आमच्या गटात एक काकू आहेत. वय पंचावन्नच्या आसपास. जवळजवळ दोन वर्षं त्या मीटिंगमध्ये मधूनमधून म्हणायच्या, "मले आतमंदी कबुतर फडफडल्यावानी होते व बाई. जिना चढली की दम भरते." आम्ही काय म्हणायचो? "काकू, गॅस झाला असेल, ओवा खा." "काकू, सुनेचं टेन्शन नका घेऊ." असं म्हणून आम्ही पुढच्या विषयाकडे वळायचो, हप्ता गोळा करायचो.

एका सकाळी काकूंचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. घरचे म्हणाले, लकवा मारला. आधी मालिशवाल्याकडे नेलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार उलटून गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी मनगटावर बोटं ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यांची नाडी अशी वेडीवाकडी किती दिवसांपासून आहे? धडधड होते असं कधी बोलल्या होत्या का?"

बोलल्या होत्या. दोन वर्षं बोलत होत्या, आमच्यासमोरच. काकू वाचल्या, आता चालतात, थोडं बोलतात. पण गटात आल्यावर साक्षरता वर्गात सही शिकलेल्या काकू आता रजिस्टरवर डाव्या हाताचा अंगठा लावतात. दर महिन्याला तो अंगठा पाहिला की आम्हाला ओव्याची आठवण येते.

म्हणून आम्ही ठरवलं, हे नीट समजून घ्यायचं. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

आपलं हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. त्याचे चार कप्पे, दोन वर, दोन खाली. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० पडतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक लाख. हा ठोका आपोआप पडतो, कारण हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटीशी जागा आहे, तिथून बारीकसा विजेचा इशारा निघतो. इशारा आधी वरच्या कप्प्यांत पसरतो, मग मधल्या एका फाटकाशी क्षणभर थांबतो आणि खाली जातो. वरचे कप्पे आकुंचन पावून रक्त खाली ढकलतात, मग खालचे कप्पे ते अंगभर पाठवतात.

मनीषनगरच्या बायांना फाटक वेगळं सांगावं लागत नाही. पूल होण्याआधी रेल्वे फाटकावर आमचं अर्धं आयुष्य गेलं. फाटक वेळेवर उघडलं, वेळेवर लागलं, तर सगळं सुरळीत. हृदयाचंही तसंच. बिघाड मुख्यतः तीन तऱ्हेने होतो.

पहिला बिघाड, वरच्या कप्प्यांत गोंधळ माजतो. एका इशाऱ्याऐवजी मिनिटाला साडेतीनशेच्या वर इशारे सुटतात. कप्पे धड आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. फाटकावर ही गर्दी होते आणि जसं जमेल तसं कधी दोन, कधी एक इशारा खाली सुटतो. म्हणून नाडी कधी जलद, कधी सावकाश, अजिबात मेळ नसलेली लागते. काकूंना हेच झालं होतं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होते, ती गुठळी सुटून मेंदूत गेली की लकवा. अशा माणसाला लकव्याचा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट असतो. हृदयाची झडप आधीच खराब असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

दुसरा बिघाड, चोरवाट. फाटक लागलेलं असताना काही लोक बाजूने वाकून निघायचे, आठवतं? काही जणींच्या हृदयात जन्मापासून अशी एक जादा वाट असते. इशारा फाटकातून खाली जातो आणि चोरवाटेने पुन्हा वर येतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. गोल गोल. मग ठोके एकाएकी दीडशे, दोनशेवर जातात आणि थोड्या वेळाने बटण बंद केल्यासारखे एकदम थांबतात.

तिसरा बिघाड, फाटकच अडकतं. वरचा इशारा खाली पोहोचत नाही. ठोके तीस-चाळीसवर येतात, चक्कर येते, माणूस उभ्या उभ्या कोसळतो. घरचे म्हणतात, उपाशी होती, ऊन लागलं.

आता हेही खरं की प्रत्येक धडधड म्हणजे हृदयाचा रोग नव्हे. अंगात रक्त कमी असलं तरी हृदय धावतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. थायरॉईड वाढला तरी धडधड होते. ताप, नागपूरच्या उन्हात पाणी कमी पडणं, जागरण, गरोदरपण, पाळी जाण्याचे दिवस, सतत चहा, आणि हो, खर्रा. खर्‍यातली तंबाखू ठोके वाढवते, हे खर्रा खाणाऱ्या मैत्रिणींनी ऐकून ठेवा. टेन्शननेही धडधड होते, ते आम्ही नाकारत नाही. पण टेन्शन हे शेवटचं उत्तर असावं, सगळं तपासून झाल्यावरचं. आमच्याकडे ते पहिलंच उत्तर असतं, त्यातही बाई असली की हमखास.

आता दुसरी गोष्ट सांगतो. आमच्या एका वहिनीची. वय बत्तीस.

वहिनीला चार वर्षं झटके यायचे. कपडे पिळताना, वाकून उठताना छातीत अचानक इंजिन सुरू व्हायचं. गळ्यात ठोके जाणवायचे, हातपाय गार पडायचे, लघवीला लागायची. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग एकदम बंद. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं ठीक. तीनदा ईसीजी काढला, तीनदा नॉर्मल. एका दवाखान्यात तिच्या नवऱ्यालाच बाजूला घेऊन सांगितलं, "यांना काही नाही, मनाचं आहे, झोपेची गोळी देतो." सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं असेल, लिंबू उतरवा. वहिनी आम्हाला म्हणाली, "ताई, आता मलेच वाटते का मी नाटक करून राहिली."

मैत्रिणींनो, ईसीजी खोटा नसतो. पण तो एका फोटोसारखा आहे, दहा-बारा सेकंदांचा. चोर रात्री येतो आणि फोटो दुपारी काढला, तर फोटोत चोर कसा दिसेल? म्हणून झटका नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं होत नाही.

या यंत्राची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हॉलंडच्या विलेम आइंटहोव्हेन या डॉक्टरांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते तयार केलं. यंत्र खोलीभर, चालवायला पाच माणसं, आणि रुग्णाने हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसायचं. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांना वाटलं, माणूस कामात असताना त्याचे ठोके टिपता आले पाहिजेत. त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं, वजन जवळजवळ ३८ किलो. आज तेच यंत्र हाताच्या पंजापेक्षा लहान झालं आहे. छातीला चिकटपट्ट्या लावून २४ तास किंवा जास्त वेळ घालायचं आणि आपली कामं करत राहायचं. त्याला होल्टरच म्हणतात.

काकूंच्या लकव्यानंतर आम्ही वहिनीला एकटं सोडलं नाही. गटातून अंतर्गत कर्ज दिलं, दोघी जणी सोबत गेल्या. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, थायरॉईड तपासला, सोनोग्राफीसारखी हृदयाची इको तपासणी केली. सगळं बरोबर. होल्टर लावला. त्या २४ तासांत झटका आलाच नाही! वहिनी रडायला लागली. पण तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नाही. झटका कधी आला, किती वेळ राहिला, नाडी किती होती, सगळं लिहा. आणि झटका सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. तो कागद माझ्याकडे आणा."

त्या दिवसापासून गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर आम्ही 'धडधड वही' सुरू केली. आणि सगळ्या जणी नाडी मोजायला शिकलो. आशाताईंनी शिकवलं. तुम्हीही आत्ता करून पाहा. उजव्या हाताची मधली दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली ठेवा. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. आणि नुसता आकडा नको, चालही पाहा. एकसारखी आहे, की मध्येच अडखळते? अडखळत असेल तर पूर्ण एक मिनिट मोजा. पहिल्या दिवशी आम्ही खूप हसलो, एकीला आपली नाडीच सापडेना!

एप्रिलमध्ये पापडाचं काम चालू होतं. वहिनीने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "सुरू झालं." एकीने घड्याळ पाहिलं, एकीने नाडी धरली. अर्ध्या मिनिटात ९२. म्हणजे मिनिटाला १८४! वहीत लिहिलं, ऑटो बोलावला, पाच-सात मिनिटांवरच्या डॉक्टरांकडे गेलो. आधी ईसीजी काढा, एवढंच आम्ही सांगत होतो. कागद बाहेर आला आणि डॉक्टर म्हणाले, "हे पाहा, सापडलं." त्यांनी वहिनीला रिकाम्या इंजेक्शनच्या नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं, पंधरा सेकंद. मग आडवं करून पाय वर उचलले. दुसऱ्या वेळी ठोके टपकन थांबून ८० वर आले. ही युक्ती डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय घरी करू नका, आणि गळ्याची शीर तर कधीच दाबू नका.

चार वर्षांनी त्या कागदाने वहिनीला तिचा शब्द परत दिला. चोरवाट होती. डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, रोज गोळी. दुसरा, जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट उष्णतेने बंद करणं. छाती उघडावी लागत नाही, आणि शंभरातल्या नव्वदहून जास्त जणींना याने आराम पडतो. वहिनी सध्या गोळीवर आहे, मुलीची दहावी झाली की दुसरं करून घेणार आहे. ते तिने स्वतः ठरवलं. सासूबाई आता कुणी विचारलं तर सांगतात, "आमच्या सुनेच्या काळजात वायर जास्त होती."

आता काकूंकडे परत येऊ. त्यांच्या इकोत दिसलं की झडप अरुंद झाली आहे. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते का? काकूंच्या बहिणीला आठवलं, आठ-नऊ वर्षांच्या असताना महिनाभर गुडघे धरून बसल्या होत्या. तो संधिवाताचा ताप. घशातल्या जंतूंपासून सुरू होतो, बहुतेक पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना होतो. सांधे बरे होतात, पण झडपेचं नुकसान मागे राहतं आणि वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतं. कित्येक बायांना ते पहिल्यांदा बाळंतपणात कळतं, कारण गरोदरपणात रक्त वाढतं आणि अरुंद झडपेला ते पेलत नाही. म्हणून मुलाचा घसा दुखतोय, ताप आहे, आणि मग सांधे सुजले, तर घरगुती उपायावर थांबू नका. या आजारात दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन देतात, ते वर्षानुवर्षं चुकवायचं नसतं.

काकूंना आता रक्त पातळ राहण्याची गोळी आहे. ही गोळी अशी की कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून ठरलेल्या तारखेला रक्ताची आयएनआर तपासणी करावीच लागते. आम्ही ती तारीख हप्त्याच्या तारखेशेजारीच लिहितो. पालेभाजी बंद करायची नाही, पण एक आठवडा रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असं करायचं नाही. मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने अंगदुखीची गोळी घ्यायची नाही. दात काढायचा असला तर आधी सांगायचं. आणि तरुण मैत्रिणींनो, अशी गोळी चालू असेल आणि दिवस राहिले, किंवा राहावेत अशी इच्छा असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. तोवर गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.

तिसऱ्या बिघाडावर, म्हणजे अडकलेल्या फाटकावर पेसमेकर आहे. कातडीखाली बसवलेलं छोटं यंत्र, ठोका चुकला की इशारा देतं. स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांना १९५८ साली पहिल्यांदा पूर्ण शरीराच्या आत पेसमेकर बसवला. ते दिवसातून वीस-तीसदा बेशुद्ध पडायचे. त्यांची बायको एल्स-मारी डॉक्टरांच्या आणि इंजिनिअरच्या मागेच लागली. यंत्र अजून तयार नाही म्हणाले, तर म्हणाली, मग तयार करा. बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून त्यांनी यंत्र घडवलं. पहिलं काही तासांत बंद पडलं, तरी तिने धीर सोडला नाही. लार्सन २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन, २६ पेसमेकर वापरून. सांगायचं काय, तर माणसाच्या मागे कुणीतरी चिवटपणे उभं राहावं लागतं.

आणि मुंबईतही असं घडलं आहे. तिथल्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना अमेरिकेतल्या मृत व्यक्तींचे, घरच्यांनी दान केलेले पेसमेकर स्वच्छ करून बसवले गेले, आणि ते नीट चालले, असं २०११ साली डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. आज आपल्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. पेसमेकर, अरुंद झडप फुग्याने उघडणं असे उपचार त्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. आधी विचारा, मग पैसे भरा. नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. वर्धेकडच्या मैत्रिणींना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ पडेल.

आता जाता जाता, पुढच्या मीटिंगमध्ये करायच्या गोष्टी.

एक, सगळ्यांनी नाडी मोजायला शिका. चाळिशीच्या पुढच्या मैत्रिणींची महिन्यातून एकदा पाहा. मेळ नसलेली लागली तर त्याच आठवड्यात ईसीजी.

दोन, धडधड होणारीने वही ठेवावी. तारीख, वेळ, काय करत होती, एकदम सुरू झाली की हळूहळू, किती वेळ, नाडी किती. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावंही लिहावी. डॉक्टरांपुढे गेलं की आपण निम्मं विसरतो, वही विसरत नाही.

तीन, एकटीला पाठवू नका. सोबत एकीने जावं. दोघी असल्या की "मनाचं आहे" म्हणून परत पाठवणं सोपं जात नाही.

चार, धडधडीसोबत छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडं बोलणं दिसलं तरी तेच. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. मालिशवाल्याकडे जाण्यात आमच्या काकूंचे तेच तास गेले.

आणि पाचवी गोष्ट, हिला पैसाही लागत नाही. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, "मले कसंतरीच होऊन राहिलं," तर हप्त्याचं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा. तिचं मनगट हातात घ्या.

आम्ही आता तसंच करतो. मागच्या मीटिंगला काकू आल्या होत्या. अंगठा लावून झाल्यावर त्यांनी पेन मागितला, आणि डाव्या हाताने आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. वाकडं आलं. पुढच्या महिन्यात दुसरं काढणार म्हणाल्या.

नमस्कार. काळजी घ्या, आणि एकमेकींची नाडी पाहा.